शीर्षकपानावर कवीचे नाव का नाही? ग्रेची विलापिका आणि १७५१ मधले तिचे प्रकाशन

एम.ए.च्या प्रबंधावर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अठराव्या शतकातला इंग्रजी कवी टॉमस ग्रे याच्या ‘एलेजी’च्या (गावच्या दफनभूमीत सुचलेली विलापिका, म्हणजे शोककविता) १७५१ मधल्या पहिल्या आवृत्तीची छायाप्रत पाहिली. शीर्षकपानावर कवीचे नाव कुठेच नाही. खाली आर. डॉड्स्ली आणि एम. कूपर अशी दोन नावे आहेत आणि किंमत सहा पेन्स. यातला प्रकाशक कोण? कवीने नाव का दिले नाही? त्याला पैसे मिळाले का? आणि प्रबंधासाठी कवितेचा कोणता पाठ, म्हणजे मजकुराचे कोणते रूप, प्रमाण धरावे?

जुन्या इंग्रजी मुद्रित पुस्तकांची सूची करणे आणि पाठभेद तपासणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि हे चारही प्रश्न मला फार मोलाचे वाटतात. बहुतेक जण कवितेकडे थेट पहिल्या ओळीपासून वळतात आणि शीर्षकपान उलटून टाकतात. या कवितेच्या बाबतीत तसे केले तर अर्धी हकीकत हातची जाते. पुस्तक निघाले तेव्हा ही कविता लंडनच्या सुशिक्षित वर्तुळात आधीच फिरत होती. ती छापायची वेळ आली ती दुसराच कोणी छापू लागला म्हणून. कविता कोणत्या रूपात आणि कोणाच्या हातून बाहेर जावी, एवढा ताबा तरी आपल्याकडे राहावा, ही त्या छपाईमागची खरी प्रेरणा होती. शीर्षकपानावरची प्रत्येक ओळ या एका गोष्टीने उलगडते.

आधी ती दोन नावे. तळाचा मजकूर असा आहे: लंडन, पॅल मॅलमधील आर. डॉड्स्ली यांच्यासाठी छापले, आणि पेटरनॉस्टर रोमधील एम. कूपर यांच्याकडे विक्रीस. त्या काळच्या पुस्तकांवर ‘यांच्यासाठी छापले’ असे ज्याच्या नावापुढे असते, तो कागदाचा आणि छपाईचा खर्च उचलणारा आणि बहुधा हक्क बाळगणारा माणूस. आजच्या अर्थाने प्रकाशक तो. ज्याच्या छापखान्यात काम झाले त्या मुद्रकाचे नाव बहुतेक वेळा कुठेच नसते. ते मुद्रकांच्या जमाखर्चाच्या वह्यांतून किंवा कवितेच्या सुरुवातीला आणि शेवटी बसवलेल्या नक्षीच्या ठशांवरून शोधावे लागते. ‘यांच्याकडे विक्रीस’ म्हणजे वितरक. मेरी कूपर ही टॉमस कूपर या पुस्तकविक्रेत्याची विधवा. १७४३ मध्ये नवरा वारल्यावर तिने धंदा स्वतः चालवला, आणि त्या दशकातल्या असंख्य पुस्तिकांवर तिचे नाव सापडते. हक्क दुसऱ्याचे असत, माल तिच्या दुकानातून जात असे. विद्यार्थी तिला सहप्रकाशक ठरवून मोकळे होतात. तसे करू नका. पण तिला गौणही समजू नका. पॅल मॅल हा राजवाड्याजवळचा, उच्चभ्रू गिऱ्हाइकांचा रस्ता. पेटरनॉस्टर रो ही सेंट पॉल कॅथीड्रलच्या सावलीतली, पुस्तकांच्या घाऊक व्यापाराची गल्ली. एकाच पुस्तिकेवर दोन्ही पत्ते असणे म्हणजे ती सरदारांच्या दिवाणखान्यातही जावी आणि गावोगावच्या विक्रेत्यांपर्यंतही पोहोचावी, अशी व्यवस्था.

रॉबर्ट डॉड्स्लीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण अठराव्या शतकाच्या मध्यातली इंग्रजी कविता समजायची तर हा माणूस समजलाच पाहिजे. तो मॅन्सफील्ड गावचा. तरुणपणी मोठ्या घरांत वर्दी घालून चाकरी करत होता, आणि १७३२ मध्ये ‘अ म्यूझ इन लिव्हरी’ नावाने, म्हणजे चाकराच्या वेषातली काव्यदेवता म्हणून, त्याने आपल्या कविता छापल्या. नामवंत कवी अलेक्झांडर पोपचे लक्ष त्याच्याकडे गेले. १७३५ मध्ये पोपने दिलेल्या शंभर पौंडांच्या मदतीने त्याने पॅल मॅलमध्ये दुकान काढले आणि वर सिसेरोच्या मस्तकाची पाटी लावली. पुढच्या पंचवीस वर्षांत त्या दुकानातून काय काय गेले ते पाहा. १७३८ मध्ये सॅम्युएल जॉन्सनची ‘लंडन’ त्याने दहा गिनींना (गिनी म्हणजे एका पौंडाहून थोडी जास्त) घेतली; १७४९ मध्ये त्याच कवीच्या ‘द व्हॅनिटी ऑफ ह्यूमन विशेस’ला पंधरा गिनी दिल्या. मार्क एकनसाइड नावाच्या अगदी तरुण कवीने ‘द प्लेझर्स ऑफ इमॅजिनेशन’साठी १२० पौंड मागितले, तेव्हा डॉड्स्लीने हस्तलिखित पोपला दाखवले. हा काही रोज भेटणारा कवी नव्हे, घासाघीस करू नकोस, असा सल्ला पोपने दिला आणि १७४४ मध्ये ते काव्य निघाले. मग १७४८ मध्ये त्याने समकालीन कवींचा तीन खंडांचा संग्रह काढला. १७५५ मध्ये चौथा खंड आणि १७५८ मध्ये पाचवा-सहावा जोडला गेला. शतकाच्या मध्यावर कोणत्या कविता ‘चांगल्या’ मानायच्या हे या संग्रहाने जितके ठरवले तितके कोणत्याही टीकाग्रंथाने ठरवले नसेल, असे माझे मत आहे. मराठी वाचकांना एक जवळचा धागा सांगते. कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेले जॉन्सनचे ‘रासेलस’ मूळ इंग्रजीत १७५९ मध्ये निघाले, तेही याच डॉड्स्ली आणि त्याच्या भावाच्या दुकानातून, दुसऱ्या एका विक्रेत्याच्या भागीदारीत.

आता कविता छापली गेली त्या आठवड्याकडे. ग्रे केंब्रिजमध्ये पीटरहाउसला राहत असे. सुट्टीत तो बकिंगहॅमशरमधल्या स्टोक पोजेसला जाई, तिथे त्याची आई राहत होती. तिथूनच १२ जून १७५० रोजी त्याने पूर्ण झालेली कविता होरेस वॉल्पोलला पाठवली. वॉल्पोल हा माजी पंतप्रधान रॉबर्ट वॉल्पोलचा मुलगा आणि ग्रेचा ईटन शाळेपासूनचा मित्र. त्याला कविता इतकी आवडली की त्याने ती ओळखीच्यांना दाखवली, त्यांनी नकला करून घेतल्या, आणि नकलांच्या नकला निघाल्या. हे त्या काळी अगदी रूढ होते. सभ्य घराण्यातल्या किंवा विद्यापीठातल्या माणसाची कविता आधी हाताने लिहिलेल्या कागदांवर वाचली जाई. छापखान्यात ती पुढे जाईच असे नाही, आणि नाही गेली तरी कवीला आपण अपुरे राहिलो असे वाटत नसे.

पण हस्तलिखित एकदा हातातून सुटले की ते कुठे जाईल याचा भरवसा नसे. १० फेब्रुवारी १७५१ रोजी ग्रेला ‘मॅगझीन ऑफ मॅगझीन्स’ या मासिकाच्या चालकांचे पत्र आले. आपली कविता आमच्या हाती आली असून ती आम्ही लगेच छापत आहोत; आपली परवानगी असावी आणि आपल्याशी पत्रव्यवहाराचा मान मिळावा, असा त्याचा आशय. नाव गौरवाचे असले तरी हे मासिक म्हणजे इतर ठिकाणचा मजकूर उचलून गोळा करणारा उद्योग होता. दुसऱ्या दिवशी, ११ तारखेला, ग्रेने वॉल्पोलला पत्र लिहिले. इंग्रजी साहित्यात प्रकाशनाच्या सूचना देणारे इतके नेमके पत्र मला दुसरे माहीत नाही. डॉड्स्लीला सांग की तुझ्याकडच्या प्रतीवरून आठवड्याच्या आत छाप. माझे नाव घालू नको. आकार त्याला सोयीचा तो, पण कागद आणि खिळे (छपाईची अक्षरे) त्याच्याकडचे उत्तम. मुद्रिते, म्हणजे छपाईआधीच्या तपासणीच्या प्रती, त्यानेच तपासाव्यात. कडव्यांमध्ये मोकळी जागा सोडू नये, कारण काही ठिकाणी अर्थ पुढच्या कडव्यात जातो. शीर्षक अमुकच असावे. आणि कविता आपल्या हाती योगायोगाने आली, अशा अर्थाच्या एक-दोन ओळी त्याने सुरुवातीला घातल्या तर बरे.

पुस्तिका १५ फेब्रुवारीला विक्रीस आली. मासिकाचा अंक १६ तारखेला. एका दिवसाने डॉड्स्ली पुढे राहिला.

या चार दिवसांत काय करावे लागले असेल याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे, कारण त्यावरून पहिल्या आवृत्तीतले दोष समजतात. पत्र केंब्रिजहून लंडनला पोहोचायला एक दिवस धरा. हातात उरले तीन दिवस. कविता १२८ ओळींची, पुस्तिका बारा पानांची. चौपत्री आकारात ताव दोनदा दुमडून त्याचे चार पत्रे, म्हणजे छपाईची आठ पाने होतात, म्हणजे एका प्रतीला दीड ताव कागद. खिळे जुळवणे, मुद्रित काढून दुरुस्त्या करणे, आदल्या रात्री कागद ओलसर करून ठेवणे, मग लाकडी हातछापावर दोन माणसांनी काम करणे: एक शाई लावणारा, एक दांडा ओढणारा. तासाला अडीचशे छाप हा त्यांचा ठरीव वेग, प्रत्यक्षात याहून कमीच पडत असे. हजार प्रतींचा हिशेब धरला तर दोन्ही बाजू मिळून तीन हजार छाप, म्हणजे एका यंत्राला न थांबता बारा तास. मग ताव दोऱ्यांवर वाळवणे, घड्या घालणे, टाके घालणे. हे सगळे फेब्रुवारीच्या थंडीत, तेही मेणबत्तीच्या उजेडात. शीर्षकपानावरच्या कवट्या आणि हाडांच्या काळ्या पट्ट्या पाहून विद्यार्थ्यांना त्यात खोल प्रतीकात्मकता दिसते. मृत्युप्रसंगी काढलेल्या शोकगीतांच्या पत्रकांवर असे ठसे वापरण्याची जुनी रीत होती. ‘विलापिका’ म्हटल्यावर छापखान्याने त्या रीतीला धरून पान सजवले, इतकेच त्यावरून खात्रीने म्हणता येते.

ग्रेला काय वाटले? २० फेब्रुवारीच्या पत्रात तो वॉल्पोलचे आभार मानतो आणि म्हणतो की डॉड्स्ली नावाच्या दाईने बाळाला पाळण्यातच एक-दोन चिमटे काढले आहेत, त्यांचे वळ बहुधा जन्मभर राहतील. पण असू दे, त्यामुळे ते अधिक निष्काळजीपणे, जणू योगायोगाने बाहेर आल्यासारखे दिसेल. हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. छपाईतल्या चुकांनी तो दुखावला आहे, आणि त्याच वेळी त्या चुका त्याला हव्या असलेल्या देखाव्याला उपयोगी पडत आहेत हेही त्याला दिसते आहे. 

आता नावाचा प्रश्न. ‘लपवले’ हा शब्द प्रबंधात वापरू नका. पुस्तिकेच्या सुरुवातीला ‘संपादक’ म्हणून जे लहान निवेदन आहे ते वॉल्पोलने लिहिले. त्यात तो म्हणतो की ही कविता योगायोगाने माझ्या हाती आली. ती ज्या पसंतीने सर्वत्र पसरली आहे तिला योगायोग म्हणता येत असेल तर. इतक्या वाचकांना आपण आधीच आनंद दिला याचे कवीला समाधान असेलच, म्हणून तो आनंद आणखी लोकांपर्यंत नेल्याबद्दल तो मला क्षमा करील. ‘आधीच’ इतके वाचक असलेल्या कवितेचा कर्ता कोण हे त्या वाचकांना ठाऊक होतेच. शिवाय दुसऱ्या दिवशी मासिकाने ग्रेचे नाव आणि कॉलेज दोन्ही छापून टाकले. निनावी छपाई त्या काळी अपवाद नव्हती. जॉन्सनची ‘लंडन’ निनावी निघाली. एकनसाइडचे काव्य निनावी निघाले. ग्रेची स्वतःची ईटन कॉलेजवरची ओड (एखाद्याला उद्देशून लिहिलेली भारदस्त कविता) डॉड्स्लीनेच १७४७ मध्ये निनावी काढली होती. जॉन्सनने ‘व्हॅनिटी’वर आपले नाव घातले, आणि त्याच्या पुस्तकावर नाव येण्याची ती पहिली वेळ होती, तोवर त्याचे लेखन दहा वर्षांहून जास्त काळ छापले जात होते. नाव न घालण्यातून ग्रे एवढेच सांगत होता की बाजारात उभा राहून मी ही कविता विकत नाही. वाचक ते बरोबर समजत होते.

म्हणूनच पैशाचा प्रश्न याला जोडून येतो. विलापिकेसाठी ग्रेने एक पेनीही घेतली नाही. पुस्तिका मात्र जोरात खपली: दोन महिन्यांत चार आवृत्त्या, आणि ग्रेने आपल्या टिपणवहीत पुढे अकराव्या आवृत्तीपर्यंतची नोंद करून ठेवली आहे. नफा डॉड्स्लीचा. सहा पेन्स ही किंमत तेव्हा किती? लंडनमध्ये अंगमेहनत करणाऱ्या मजुराला दिवसाला दोन शिलिंगांच्या आसपास मिळत, आणि एका शिलिंगाचे बारा पेन्स. बारा पानांसाठी दिवसाच्या मजुरीचा चौथा हिस्सा. स्वस्त म्हणून वर्णिलेली ही पुस्तिका गावच्या दफनभूमीत निजलेल्या ज्या गरिबांबद्दल ती बोलते, त्यांच्यासारख्यांच्या खिशाला मुळीच स्वस्त नव्हती. हे मी टीका म्हणून सांगत नाही, पण कवितेच्या सामाजिक आशयावर लिहिताना ते समोर ठेवायला हवे.

पुढे १७५७ मध्ये ग्रेने डॉड्स्लीकडून दोन ओडसाठी चाळीस गिनी घेतल्या. लेखनातून त्याला मिळालेले हेच काय ते पैसे असे मानले जाते. त्या ओड वॉल्पोलने आपल्या स्ट्रॉबेरी हिलच्या घरी नुकत्याच उभारलेल्या छापखान्यात छापल्या. तिथले ते पहिलेच काम. दोन हजार प्रती, किंमत एक शिलिंग. या वेळी घाई नव्हती, छपाई देखणी झाली. वाचकांना मात्र त्या कविता दुर्बोध वाटल्या. ग्रेने टिपा द्यायचे नाकारले होते. १७६८ च्या संग्रहात अखेर त्याने त्या दिल्या.

सगळ्यांनाच ग्रेसारखी चैन परवडणारी नव्हती. डिसेंबर १७४६ चे उदाहरण घ्या. विल्यम कॉलिन्स आणि जोसेफ वॉर्टन हे शाळासोबती. दोघांनी मिळून ओडचे एकच पुस्तक काढायचे ठरवले होते. ते जमले नाही, आणि त्याच महिन्यात दोघांची वेगवेगळी पुस्तके निघाली: वॉर्टनचे डॉड्स्लीकडून, कॉलिन्सचे अँड्र्यू मिलरकडून. वॉर्टनच्या पुस्तकाची लवकरच दुसरी आवृत्ती निघाली. कॉलिन्सच्या हजार प्रतींतल्या बऱ्याच पडून राहिल्या. पुढे हातात पैसे आल्यावर त्याने उरलेल्या प्रती मिलरकडून विकत घेऊन जाळल्या, असे त्याचा पहिला चरित्रकार सांगतो. आज वॉर्टनच्या ओड अभ्यासकांखेरीज कोणी वाचत नाही आणि कॉलिन्सची ‘ओड टू ईव्हनिंग’ प्रत्येक निवडक संग्रहात असते. त्या काव्याला वाचक मिळवून देण्यात डॉड्स्लीचाच हात होता. १७४८ मध्येच त्याने आपल्या संग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीत कॉलिन्सच्या काही ओड घेतल्या. जाता जाता कामाची एक गोष्ट: कॉलिन्सच्या शीर्षकपानावर साल १७४७ आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला निघणाऱ्या पुस्तकावर पुढचे साल घालणे, म्हणजे ते वर्षभर नवे दिसते, ही विक्रेत्यांची नेहमीची पद्धत. शिवाय १७५२ पर्यंत इंग्लंड जुन्या पंचांगाने चालत होते आणि युरोपच्या अकरा दिवस मागे होते. ग्रेच्या पुस्तिकेची १५ फेब्रुवारी ही फ्रान्समध्ये २६ फेब्रुवारी होती. प्रबंधात तारखा देताना कोणते पंचांग वापरले ते एकदा लिहून टाका.

आणखी एक वाट होती, वर्गणीची. पुस्तकाचा इरादा जाहीर करायचा, लोकांकडून आगाऊ पैसे घ्यायचे, आणि छापताना वर्गणीदारांची नावे पुस्तकाच्या सुरुवातीला द्यायची. या वाटेने ज्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचला त्यांत मेरी लीपर आहे. नॉर्दम्प्टनशरमधल्या एका माळ्याची मुलगी, मोठ्या घरी स्वयंपाकघरात काम करणारी. ब्रिजेट फ्रीमँटल या मैत्रिणीने तिच्या कवितांसाठी वर्गणीचा घाट घातला. पुस्तक निघण्याआधीच, नोव्हेंबर १७४६ मध्ये, गोवराने ती गेली. वय २४. मैत्रिणीने काम सोडले नाही. १७४८ मध्ये पहिला खंड आला, सुमारे ६०० वर्गणीदारांच्या यादीसह; १७५१ मध्ये, म्हणजे ग्रेच्या विलापिकेच्याच वर्षी, दुसरा खंड आला, आणि तो छापला कादंबरीकार सॅम्युएल रिचर्डसनने, जो मुळात मुद्रकच होता. ‘मूक, अप्रसिद्ध मिल्टन’, म्हणजे थोर कवी मिल्टनसारखी प्रतिभा असून अज्ञात राहिलेला कोणी, त्या दफनभूमीत निजला असेल अशी कल्पना ग्रेच्या कवितेत छापली गेली त्याच वर्षी अशा एका खऱ्या कवयित्रीचे पुस्तक लंडनमध्ये विकले जात होते. तुमच्या प्रबंधात एखादे प्रकरण या दोन पुस्तकांवर एकत्र लिहिता आले तर जरूर लिहा. लीपरची ‘क्रंबल हॉल’ वाचा. मोठ्या वाड्याचे वर्णन स्वयंपाकघरातून केले की ते किती वेगळे होते हे तिथे दिसते.

मासिकांना कोणी रोखू शकत नव्हते का, असाही प्रश्न यातून निघतो. १७१० च्या कायद्याने नव्या पुस्तकाला चौदा वर्षांचे संरक्षण होते आणि लेखक जिवंत असल्यास आणखी चौदा. पण मासिके कविता सर्रास अख्ख्या छापत. विलापिकाच मार्चमध्ये ‘लंडन मॅगझीन’ आणि ‘स्कॉट्स मॅगझीन’मध्ये आली. एका पुस्तिकेसाठी कोर्टाची पायरी चढणे परवडणारे नव्हते, आणि मासिकातल्या छपाईने पुस्तिकेची जाहिरातही होई. हक्कांवरची खरी लढाई मोठ्या, वर्षानुवर्षे खपणाऱ्या काव्यांवर झाली. जेम्स टॉमसनच्या ‘द सीझन्स’वर लंडनचे विक्रेते कायमचा हक्क सांगत होते, एडिंबराच्या अलेक्झांडर डोनाल्डसनने ते स्वस्तात छापले, आणि २२ फेब्रुवारी १७७४ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की मुदत संपली की हक्क संपला. त्यानंतर जुन्या इंग्रजी कवींच्या छोट्या, स्वस्त मालिका निघू लागल्या.

आता कोणता पाठ घ्यावा. आधी ग्रेच्या हस्ताक्षरातल्या प्रती पाहा. ईटन कॉलेजमध्ये असलेली प्रत सर्वांत जुनी. तिच्यावर ‘स्टँझाज’ असे शीर्षक आहे, आणि जिथे आपण हॅम्पडेन, मिल्टन, क्रॉमवेल वाचतो तिथे केटो, टली (म्हणजे सिसेरो) आणि सीझर आहेत. म्हणजे रोमन नावे काढून इंग्लंडच्या यादवीतली नावे घालणे हा कवीचा नंतरचा, विचारपूर्वक निर्णय. मित्र व्हार्टनला डिसेंबर १७५० मध्ये पाठवलेली दुसरी प्रत ब्रिटिश लायब्ररीत आहे, तिसरी केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजमध्ये.

मुद्रित आवृत्त्यांत १७५१ची पहिली, १७५३ची रिचर्ड बेंटलीच्या चित्रांसह निघालेली आणि १७६८चा संग्रह या तीन तुम्हाला लागतील. वाचकांनी कविता पहिल्यांदा कशी अनुभवली यावर लिहिणार असाल तर १७५१. कवीने शेवटी मान्य केलेला पाठ हवा असेल तर १७६८. तो त्याच्या सूचनांनुसार लंडन आणि ग्लासगो अशा दोन ठिकाणी छापला गेला. दोन्हींची सरमिसळ करू नका. शीर्षकात ‘लिहिलेली’ या अर्थी ‘रोट’ असलेला १७५१चा पाठ आणि ‘रिटन’ असलेला १७६८चा पाठ एकाच तळटीपेत आले की परीक्षकाला तुम्ही प्रत पाहिली नाही असे लगेच कळते.

१७५१ घेतलीत तर कडव्यांमधली जागा जरूर तपासा. आजच्या संग्रहांत प्रत्येक चार ओळींनंतर मोकळी ओळ असते. ग्रेने ती नको म्हटले होते आणि डॉड्स्लीने ते पाळले. प्रत्येक कडव्याची पहिली ओळ फक्त थोडी आत घेतली आहे. सोळाव्या कडव्यात चारही ओळी ‘सभागृहांची दाद मिळवणे, संकटे तुच्छ लेखणे, देशभर समृद्धी पसरवणे, राष्ट्राच्या डोळ्यांत आपला इतिहास वाचणे’ अशा चढत जातात आणि वाक्य पुरे होते ते सतराव्या कडव्याच्या पहिल्या शब्दांत: हे त्यांच्या नशिबात नव्हते. मध्ये मोकळी ओळ आली की वाचक तिथे श्वास घेतो आणि तो आघात बोथट होतो. सलग छपाईत तो जसा बसतो तसा तो एकदा मोठ्याने वाचून पाहा. छायाप्रतीत पानाचा खरा आकार कळत नाही, म्हणून चौपत्री पान समास धरून केवढे असते ते एखाद्या ग्रंथालयात प्रत्यक्ष पाहता आले तर सोडू नका.

शेवटचा पेच रॉबिन पक्ष्याच्या कडव्याचा. कवितेच्या शेवटी येणाऱ्या समाधिलेखाच्या अगदी आधी, वर्षातली पहिली फुले कोणी न दिसणाऱ्या हातांनी त्या कबरीवर विखुरतात आणि छातीला तांबडा रंग असलेला तो पक्षी तिथे घरटे बांधून गातो, असे चार ओळींचे कडवे ग्रेने लिहिले होते. पहिल्या आवृत्तीत ते नाही. १७५१ मधल्याच तिसऱ्या आवृत्तीत ते आले, आणि १७५३ मध्ये ग्रेने ते काढून टाकले. तिथे ते फार लांबलेल्या कंसासारखे वाटते, असे कारण त्याचा मित्र मेसन देतो. कडवे सुंदर आहे, आणि नेमके म्हणूनच त्याचा मोह होतो. १७६८चा पाठ प्रमाण धरलात तर ते मुख्य मजकुरात घालू नका. तळटीपेत पूर्ण द्या, कोणत्या आवृत्तीतून घेतले ते लिहा, आणि ते असताना व नसताना समाधिलेखाकडे वाचक कसा पोहोचतो, यावर अर्धे पान तरी लिहा.